रविवारच्या साराभाईवरून

देशपांडे काकू, बी विंग: लिफ्टमध्ये कागद लावलाय, रविवारी क्लबहाऊसमध्ये साराभाई व्हर्सेस साराभाई ही जुनी हिंदी विनोदी सिरियल दाखवणार म्हणून. कोणी ठरवलं? मीटिंगमध्ये हा विषय आलेला मला तरी आठवत नाही. सासू सुनेला उठताबसता घालूनपाडून बोलते, ते मुलांना बसवून दाखवायचं का?

पाटील सेक्रेटरी: काकू नमस्कार. त्यातले सासरे, सतीश शहा, गेले तेव्हापासून बरेच जण म्हणत होते. दोनच एपिसोड आहेत.

सावंत: एवढी चांगली होती तर बंद का पडली? 2004 ला सुरू, 2006 ला संपली.

नेहा ए 302: सावंत काका, टीआरपीच नव्हता. आठवड्यातून एकदा लागायची तीही स्टार वनवर, चॅनल नवंकोरं, आणि तेव्हा घरोघरी रोज रात्री स्टार प्लसवरच्या सासूसुना चालू असायच्या, त्यापुढे कफ परेडच्या श्रीमंत घरातली भांडणं कोण बघणार. लोकांनी नंतर रिपीटला आणि नेटवर बघितली, तेव्हा डोक्यावर घेतली. 2017 ला हॉटस्टारवर परत आणावी लागली.

देशपांडे काकू: डोक्यावर घ्या नाहीतर काहीही करा. पोरीचं नाव मनीषा, ते मिडल क्लास वाटतं म्हणून सासूने मोनिशा केलं. याला विनोद म्हणतात?

रोहन सी 101: रोसेशची, त्या धाकट्या मुलाची, भयंकर कविता असलेला लावा 😂

मेहेंदळे: आमच्या वरच्या मजल्यावर रोज पहाटे रोसेश ऐकू येतो. नाव घेत नाही.

कदम सी 501: रियाज आहे तो मेहेंदळे. घ्या ना नाव.

पाटील सेक्रेटरी: विषयावर या प्लीज 🙏

सावंत: चांगली होती तर बंद का पडली, याचं उत्तर द्या.

रोहन सी 101: काका बंद पडण्याचा आणि चांगलं असण्याचा काय संबंध? अमेरिकेत अरेस्टेड डेव्हलपमेंट नावाची कॉमेडी सिरियल होती, पैसा गेला तरी तोरा न गेलेलं कुटुंब, 2004 ला टीव्हीचं एमी अवॉर्ड मिळालं तरी फॉक्स चॅनलने 2006 ला बंद केली. मग 2013 ला नेटफ्लिक्सने परत काढली.

नेहा ए 302: काकू, सासू माया बोलते खरी पण दरवेळी तोंडावर तीच आपटते ना. लोक काय म्हणतील ही धास्ती सगळी तिला. मोनिशा नोएडाची, सेलमधल्या वस्तूंनी खूश होणारी, तिला मायासारखं व्हायचंच नाहीये, आणि सासरा कायम तिच्या बाजूने. रोसेश कविता काढतो तेव्हा सतीश शहांचा नुसता चेहरा बघा, एक शब्द न बोलता आख्खा सीन खातात. मला वाटतं सासूसुनेवर एवढं प्रेमाने दुसऱ्या कुठल्या सिरियलने लिहिलेलं नाही.

देशपांडे काकू: तुला म्हणायला सोपं आहे नेहा. मला लिफ्टमध्ये मागून "माया आल्या" म्हणतात. मी ऐकलंय. बाल्कनीत लोंबणाऱ्या गोधड्यांबद्दल लिहिलं तेव्हापासून चालू आहे.

मेहेंदळे: गोधड्यांचा विषय मिटलाय ना? सर्क्युलर निघालं होतं.

कदम सी 501: सर्क्युलर निघालं, गोधड्या तिथेच आहेत. बी विंगच्याच.

नेहा ए 302: काकू हे खरंच माहीत नव्हतं. वाईट वाटलं. कोणी म्हणत असेल तर थांबवा, कृपया.

सावंत: तरी माझा मुद्दा राहतोच. बंद का पडली.

पाटील सेक्रेटरी: काकू, एपिसोड तुम्हीच निवडा.

देशपांडे काकू: जावई दुष्यंतचा लावा मग. घरातलं मशीन कसं चालतं ते समजावत बसतो आणि बाकीचे पळ काढतात, तो. देवेन भोजानी, दिग्दर्शनही त्यांचंच होतं. मी सगळे बघितलेत, तेव्हाच, टीव्हीवर लागायचे तेव्हा. आणि लिफ्टमधलं ते माया वगैरे बंद करा.