रूट झोन एका देशाच्या कायद्याखाली का असावा?

दर्यावर्दी

फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युक्रेन सरकारने आयकॅनला, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या ना-नफा संस्थेला, पत्र लिहिलं: रशियाचं 'डॉट आरयू' रद्द करा. २ मार्चला आयकॅनचे प्रमुख योरान मार्बी यांनी नकार कळवला. आमचं काम इंटरनेट चालू ठेवणं, ते बंद पाडण्यासाठी वापरणं नव्हे, असा त्याचा आशय होता. नकार योग्यच होता. पण ही विनंती ज्या संस्थेकडे गेली ती कॅलिफोर्नियात नोंदलेली आहे, आणि हाच माझा मुद्दा आहे.

रूट झोन म्हणजे नावांची सगळ्यात वरची यादी. डॉट कॉम, डॉट इन, डॉट भारत यांचे सर्व्हर कुठे सापडतील ते ती सांगते. ती आयकॅन सांभाळते. ऑक्टोबर २०१६ पासून तिच्यावर अमेरिकन सरकारची थेट देखरेख उरली नाही, सरकारचं आयकॅनशी असलेलं कंत्राट संपलं. अमेरिकेचा कायदा मात्र लागू राहिला. इराणविरुद्ध अमेरिकन न्यायालयात नुकसानभरपाई जिंकलेल्या दहशतवादपीडितांनी वसुलीसाठी थेट 'डॉट आयआर'वर जप्ती मागितली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ती नाकारली. कारण काय दिलं? असं केल्याने त्रयस्थांचं फार नुकसान होईल. देशाचं नाव ही जप्त करता येणारी मालमत्ता आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयाने उघडाच ठेवला. म्हणजे आठ-नऊ कोटी लोकांच्या देशाचं डोमेन परक्या न्यायाधीशांच्या विवेकावर तरलं.

माझी मागणी संयुक्त राष्ट्रांची नाही. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती स्विस कायद्याखालची खासगी संस्था आहे, तरी १९९३ च्या कराराने स्वित्झर्लंडने तिला खटले आणि जप्ती यांपासून कायदेशीर संरक्षण दिलं. आयकॅनला तसंच मिळावं आणि भारताने ते ठामपणे मागावं.

गावकूस

सहमत नाही. तुम्ही संयुक्त राष्ट्रं नको म्हणता, पण 'भारताने मागावं' म्हटलं की टेबलावर सरकारंच येऊन बसतात. २०११ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत इंटरनेटच्या कारभारासाठी ५० देशांची समिती सुचवली होती, आठवतंय? चार वर्षांनी तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रविशंकर प्रसाद यांनी नुसत्या सरकारांऐवजी सर्व घटकांच्या सहभागाची बाजू घेतली तेव्हा मला हायसं वाटलं.

काश्मीरमध्ये ५ ऑगस्ट २०१९ ला इंटरनेट बंद झालं, आणि फोर-जी पूर्ण परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. त्यासाठी कुणाला रूटला हात लावावा लागला नाही. हातात आहे तेवढी सत्ता आपली सरकारं अशी वापरतात. त्यांना आणखी वरची जागा कशासाठी द्यायची? आणि तुमच्याच उदाहरणात अमेरिकन न्यायालयाने, अमेरिकन पीडितांच्या विरोधात जाऊन, इराणचं नाव वाचवलं. असा निकाल तेहरानमध्ये किंवा मॉस्कोत लागला असता का?

दर्यावर्दी

@गावकूस, काश्मीरबद्दल तुमच्याइतकाच संताप मलाही आहे. पण मी सरकारांना खुर्ची मागत नाही, एका सरकारची खुर्ची काढायला सांगतोय. निर्बंधांखालच्या देशांशी व्यवहार करायला आयकॅनला आजही अमेरिकन अर्थखात्याचा परवाना लागू शकतो. एकदा न्यायालय चांगलं वागलं म्हणून ही व्यवस्था न्याय्य ठरत नाही.

नेटवर्कवाला

मी राउटिंगमध्ये, म्हणजे इंटरनेटवरची वाहतूक वळवण्याचं, काम करतो, म्हणून दोन गोष्टी. रूट झोनची यादी पुरवणाऱ्या रूट सर्व्हरची नावं १३ आणि ते चालवणाऱ्या संस्था १२. त्यांत स्वीडन, नेदरलँड्स आणि जपानमधल्याही आहेत, आणि या सर्व्हरच्या प्रती जगभर विखुरलेल्या आहेत. जानेवारी १९९८ मध्ये, तेव्हा नावांचा कारभार पाहणारे संगणकतज्ज्ञ जॉन पोस्टेल यांनी नुसत्या ईमेलवर आठ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना यादी सरकारी कंत्राटदाराऐवजी आपल्याकडून घ्यायला सांगितलं, आणि त्यांनी ती घेतलीही. अमेरिकन सरकारने दटावल्यावर सगळं पूर्ववत झालं. तेव्हापासून बरंच काटेकोर झालंय, पण यादी चालते ती लोक ती मानतात म्हणूनच. उद्या कुणी 'डॉट आयआर' खोडलं तर जगातले ऑपरेटर गप्प बसणार नाहीत.

मला खरी धास्ती समुद्राखालच्या केबलची आहे. कितीतरी केबल एकट्या वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

शाईदौत

@दर्यावर्दी, तुमच्या प्रस्तावातली सगळ्यात कच्ची जागा अजून कुणी दाखवली नाही. २०१९ मध्ये 'डॉट ऑर्ग' चालवणारी संस्था एका खासगी गुंतवणूक कंपनीला १ अब्ज डॉलरहून जास्त किमतीला विकायचा घाट घातला गेला. त्याच वर्षी आयकॅनने त्या नावांच्या शुल्कावरची मर्यादाही काढून टाकली होती. जगभरच्या सेवाभावी संस्था त्या पत्त्यांवर आहेत, आपल्याकडच्याही. निषेधाची पत्रं ढिगाने गेली. मग एप्रिल २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी) हा व्यवहार नाकारा असं लेखी कळवलं, आणि ३० एप्रिलला आयकॅनने नकार दिला. ना-नफा संस्थांवर देखरेख ठेवायचा अधिकार त्यांना कायद्याने आहे, म्हणून त्या पत्राला वजन होतं. तुमचं संरक्षण असतं तर आयकॅनच्या संचालक मंडळाला कुणाची भीती होती?

मुळाक्षर

वरच्या सगळ्यांना: रूट झोनमध्ये देवनागरी नावं कशी असावीत याचे नियम स्वयंसेवकांच्या गटाने ठरवले. 'दऱ्या'मधला ऱ त्यात बसवायचा तर खास तरतूद लागली, कारण हिंदीला ती गरज नाही. हे काम कुठल्याही मंत्रालयाने केलं नसतं. ही दारं आज उघडी आहेत, आपण मराठी माणसं तिथे फार कमी जातो. करार कुणाशी व्हावा यापेक्षा मला हे जास्त लागतं.

दर्यावर्दी

@शाईदौत, हा आक्षेप खरा आहे आणि जड आहे. म्हणून संरक्षण सरसकट नको; फक्त निर्बंध आणि जप्ती यांपुरतं हवं. ना-नफा संस्थांचा कायदा राहू दे. आयकॅनच्या संचालकांना हटवण्याचा जो अधिकार २०१६ मध्ये तिच्यात सहभागी असलेल्या समुदायाला मिळाला, तोही राहू दे.

शाईदौत

मग आपल्यातलं अंतर बरंच कमी झालं. पण ते मर्यादित संरक्षणही अमेरिकेच्याच सहीने मिळणार. ती सही कोण मिळवणार?

दर्यावर्दी

पूर्ण करार लांबचा आहे, मान्य. पण आयकॅनच्याच कार्यगटाने २०१८ मध्ये शिफारस केली होती की दर वेळी वेगळा परवाना मागण्याऐवजी अमेरिकेकडून एकच सर्वसाधारण परवाना घ्यावा. त्याला नवा कायदा लागत नाही. आयकॅनच्या सरकारी सल्लागार समितीत भारत बसतो. तिथल्या प्रत्येक बैठकीत आपल्या प्रतिनिधीने आधी हाच विषय काढावा.