मदत हवी आहे: ऑक्सिजन भरपूर, तरी किडे गायब. रामनदीची तब्येत ठरवायची कशी?

नमस्कार मंडळी,

पुण्यातली रामनदी बऱ्याच जणांना माहीत असेल. खाटपेवाडीच्या बाजूला उगम, मग भूगाव, बावधन, पाषाण करत औंधला मुळेला मिळते. आम्ही बावधनमधले काही हौशी लोक तिची तपासणी करतोय. जीवशास्त्रवालं कुणीच नाही, मी स्वतः बँकेत आहे. रविवारी दोन जागी पाणी तपासलं आणि तिथेच गाडी अडली.

उगमाकडे, वस्तीच्या वर: सकाळी आठ, पाणी २२ अंश, विरघळलेला ऑक्सिजन म्हणजे डीओ लिटरला ७.४ मिलिग्रॅम, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार वगैरे १६०.

पाषाणच्या खाली: पोचेपर्यंत दुपारचा एक. पाणी २६ अंश, डीओ ९.२, टीडीएस ५४०. दगडांवर शेवाळाच्या लांब हिरव्या झिंज्या. वासाबद्दल लिहीत नाही, कुणी जेवत असेल.

आता बघा, डीओ धरला तर खालचं पाणी वरच्यापेक्षा सरस! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत अंघोळीच्या पाण्याला किमान ५ लागतो, इथे जवळपास दुप्पट. आमच्यातले एक काका हा आकडा सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला निघाले होते, त्यांना कसंबसं थोपवलंय.

कारण दगड उलटल्यावर चित्र वेगळंच दिसलं. वर दगडाला चिकटून बसलेली चपटी, तीन शेपट्यांची पिल्लं होती. उचलायला गेलं की खेकड्यासारखी तिरकी सरकून दगडाच्या दुसऱ्या बाजूला. ही मेफ्लायची (पिल्लं पाण्यात वाढणारा एक उडता कीटक) असावीत. शिवाय चतुराची पिल्लं, पाण्यावर पळणाऱ्या निवळ्या. खाली मात्र लालभडक वळवळे, जळवा आणि ढिगाने गोगलगायी. बाकी काही नाही.

मीटरचं खरं मानायचं की किड्यांचं? आणि किड्यांना गुण देऊन नदीला मार्क देण्याची बीएमडब्ल्यूपी पद्धत आपल्याकडे चालते का? जाणकारांनी कृपया सांगावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

काकांना अजून थोडे दिवस थोपवून धरा. :)

मीटर खोटं बोलत नाहीये, वेळ चुकली आहे. २६ अंशाच्या पाण्यात समुद्रसपाटीला सुमारे ८.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पुणे साडेपाचशे मीटर उंचावर, तेव्हा इथे साधारण ७.६ धरा. तुमचे ९.२ म्हणजे मावेल त्याच्या १२० टक्के. हा जास्तीचा ऑक्सिजन भर उन्हात शेवाळाने सोडलेला आहे, आणि शेवाळ एवढं माजलंय ते बहुधा सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. रात्री ऊन नाही. मग तेच शेवाळ आणि गाळातले जिवाणू मिळून ऑक्सिजन खातात. उजाडायच्या आत जाऊन मोजा, आकडा धाडकन खाली आलेला दिसेल. जमलं तर बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते, प्रयोगशाळेतून मोजून घ्या.

मीटर त्या मिनिटाचं सांगतं. मेफ्लायचं पिल्लू कित्येक आठवडे पाण्यातच असतं, एका रात्री ऑक्सिजन संपला तरी त्याचा कारभार आटोपतो. मी किड्यांच्या बाजूने.

लाल वळवळ्यांत दोन प्रकार असतात. डोकं वेगळं दिसतं आणि शरीर आठाच्या आकड्यासारखं फेकत पोहतात त्या कायरोनोमिड माशीच्या अळ्या. डोकं गाळात आणि शेपूट वर हलवत राहतात ते ट्युबिफेक्स, गांडुळाच्या नात्यातले बारीक किडे. दोघांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतात.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण थोडं सबुरीने. बीएमडब्ल्यूपी ब्रिटनमधल्या नद्यांसाठी बनली. चपट्या मेफ्लायच्या कुळाला १०, कायरोनोमिडना २, ट्युबिफेक्सच्या गटाला १ असे गुण. बेरीज करा आणि तिला कुळांच्या संख्येने भागा. ही सरासरी जास्त भरवशाची, कारण जास्त वेळ शोधलं की बेरीज उगाच फुगते. आपल्याकडे वापरतात, पण निव्वळ गुणांवरून "नदी नापास" असं लिहू नका. स्वतःच्याच नदीची वरची जागा प्रमाण माना आणि तिच्याशी तुलना करा.

तीही सारख्याला सारखी. वर खळाळत्या पाण्यातले दगड उलटले आणि खाली साचलेला गाळ चाळला, तर फरक प्रदूषणाचा की जागेचा हे कळणार नाही. दोन्हीकडे खळाळच निवडा, जाळी तेवढीच, वेळ तेवढाच. आणि हे आत्ताच करा. आपले ओढे उन्हाळ्यात आटतात, एप्रिलमध्ये किडे नाहीत म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. पुढच्या रविवारी पहाटेच निघतो, काकांना मुद्दाम बरोबर नेते. त्या गोगलगायींचं काय? त्यांनाही गुण असतात का?

प्रतिसाद २

असतात. शंखाचं टोक वर आणि तोंड स्वतःकडे करून धरा. तोंड डाव्या हाताला आलं आणि शंख निमुळता असेल तर बहुतेक फायसा. बाहेरून आलेली जात, घाण पाण्यात मजेत राहते, तिला ३ गुण. उजवीकडे आलं तर लिम्निया असू शकते, फोटो टाका. आणि खालच्या जागी गमबूट-हातमोज्यांशिवाय उतरू नका. ते मैलापाणी आहे.