मदत हवी: मुलाला केराटोकोनस (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन फुगणं) निघालाय, क्रॉस-लिंकिंग (तो पडदा घट्ट करायचा उपचार) आत्ताच करावं की थांबावं?

नमस्कार. आम्ही सोलापूरचे, घर अक्कलकोट रोडच्या बाजूला. मुलगा १५ वर्षांचा, यंदा दहावीला. त्याला लहानपणापासून डोळ्यांची ॲलर्जी आहे. ऊन तापायला लागलं की डोळे लाल होतात, दोऱ्यासारखी चिकट घाण येते आणि खाज तर इतकी, की झोपेतसुद्धा मुठीच्या हाडांनी चोळतो. पाऊस पडला की जरा उतार असतो.

यंदा उजव्या डोळ्याचा सिलिंडर नंबर एकदम वाढला, म्हणून डॉक्टरांनी टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, करायला लावली. उजव्या कॉर्नियाची सर्वांत पातळ जागा ४६८ मायक्रॉन, सगळ्यात जास्त वक्रता ५१ डायॉप्टर. डाव्याची जाडी ५१२, वक्रता ४६. डोळ्याचं प्रेशर दोन्हीकडे १८, त्यापुढे ‘नॉर्मल’ लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी परत टोपोग्राफी करू, वाढ दिसली तर क्रॉस-लिंकिंग.

मला समजलं ते असं: डोळ्याच्या आत पाण्याचा दाब सतत असतो आणि कॉर्निया तो पेलून धरतो. टॉवेलची वीण एका जागी सैल पडली की तेवढाच भाग फुगतो, तसं याचं झालंय. पण नुसत्या चोळण्याने एवढं होतं का? तीन महिने थांबण्यात धोका आहे का? बोर्डाची परीक्षा होऊ द्यावी असं घरचे म्हणतात. त्याला एकट्याला डोळे मिटून बसलेला पाहिलं की जीव थाऱ्यावर राहत नाही. ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सांगा.

बार्शीकर: ताई, माझं क्रॉस-लिंकिंग कॉलेजात असताना झालं. कॉर्नियाची वरची पातळ साल काढतात, रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब अर्धा तास घालत राहतात आणि मग अतिनील प्रकाश देतात. त्याने आतले कोलॅजनचे धागे एकमेकांना जास्त घट्ट बांधले जातात. ही पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेनची. पहिले दोन-तीन दिवस डोळा चांगलाच ठणकतो, वर पट्टीसारखी लेन्स ठेवतात. नंतर काही आठवडे धूसर दिसतं, त्यामुळे अगदी परीक्षेच्या तोंडावर करू नका. आणि नंबर जाईल ही आशा ठेवू नका. आहे तिथे थांबवणं हाच उद्देश. माझा थांबला, त्यासाठी मी ते पुन्हा करीन.

तपासणी_टेबल: मी नेत्रतपासणीच्या कामात आहे. उत्तर देण्याआधी एक विचारतो. ॲलर्जीसाठी आजवर कोणते ड्रॉप वापरलेत? बाटलीवरचं नाव बघून लिहा.

धागाकर्ती: दोन बाटल्या सापडल्या. एकीवर ओलोपॅटाडाइन, ती ॲलर्जीसाठी डॉक्टरांनी दिलेली. दुसरीवर डेक्सामेथासोन आणि सोबत अँटिबायोटिक. डोळे लाल झाले की मेडिकलमधून हीच मिळते, दर उन्हाळ्यात आणली जाते. तिने लगेच आराम पडतो.

तपासणी_टेबल: ताई, मला हीच भीती होती. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे. आराम नक्की पडतो, पण डोळ्यातलं पाणी ज्या जाळीतून बाहेर पडतं तिचा निचरा काही जणांत आठवड्यांच्या वापरानंतर मंदावतो आणि प्रेशर चढतं. मुलांमध्ये हे जास्त दिसतं. चढलेलं प्रेशर डोळ्याच्या मागे, जिथून नजरेची नस बाहेर पडते त्या चाळणीसारख्या पडद्यावर येतं. तिथून नसेचे दहा लाखांच्या आसपास धागे जातात. पडदा मागे वाकला की धागे चिमटतात आणि मरतात. हाच काचबिंदू. दुखत नाही, लाल होत नाही, मुलगा तक्रार करणार नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही.

आता तुमच्या १८ कडे बघा. प्रेशरचं मशीन कॉर्निया थोडा दाबून, सपाट करून मोजतं. प्रेशर मोजायच्या नेहमीच्या, गोल्डमन पद्धतीचं गणित सुमारे ५२० मायक्रॉन जाडीवर बसवलेलं आहे. पातळ आणि लवचिक कॉर्निया सहज दबतो, म्हणून आकडा कमी येतो. हवेचा झोत मारणाऱ्या मशीनचंही तेच. तुमच्या मुलाचा खरा आकडा १८ पेक्षा जास्त असू शकतो. अमुक मायक्रॉनला अमुक मिळवा असं भरवशाचं सूत्र नाही, त्यामुळे नुसत्या आकड्यावर विश्वास न ठेवता नस बघावी लागते. बाहुली मोठी करून नसेची तपासणी, ओसीटी (नसेचं स्कॅन) आणि जमल्यास फील्ड टेस्ट (नजरेचा आवाका तपासणं). क्रॉस-लिंकिंगच्याही आधी हे व्हावं असं माझं ठाम मत आहे. दोन्ही बाटल्या घेऊन याच आठवड्यात जा. स्टेरॉइड कसं थांबवायचं ते डॉक्टरच ठरवतील, कधीकधी त्याजागी सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ही स्टेरॉइड नसलेली औषधं देतात.

चोळण्याबद्दल: हो, त्याने फरक पडतो. मुठीने चोळताना आतलं प्रेशर काही क्षण खूप वर जातं आणि पातळ जागेवर थेट घर्षण होतं. केराटोकोनस एकट्या चोळण्याने होतो असं नाही, घराण्यातही असतो, म्हणून भावंडांची टोपोग्राफी करून घ्या. पण १५ व्या वर्षी तो झपाट्याने वाढू शकतो. या वयात बरेच डॉक्टर वाढ सिद्ध होण्याची वाट बघत नाहीत. नेहमीच्या पद्धतीला साल काढल्यावर निदान ४०० मायक्रॉन जाडी लागते, उजव्यात अजून जागा आहे, ती घालवू नका. मात्र खाज आटोक्यात यायला हवी. साल काढलेला डोळा चोळला तर जखम भरणं लांबतं आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते.

धागाकर्ती: दादा, वाचून हातपाय गळाले, पण कळलं. झोपेतल्या चोळण्याचं काय करू? आणि कशाला घाबरायचं, कशाला नाही?

तपासणी_टेबल: रात्री पारदर्शक प्लास्टिकचं आय-शील्ड चिकटपट्टीने लावा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लावतात तेच. पालथं झोपू देऊ नका. खाज सुटली की स्वच्छ रुमालात बर्फ गुंडाळून मिटलेल्या पापणीवर धरा. उन्हात आणि धुळीत बाजूने बंद असलेला गॉगल. एकाएकी बुबुळ पांढुरकं झालं, दुखायला लागलं आणि दिसेनासं झालं तर त्याच दिवशी दाखवा, आतला पडदा फाटून पाणी शिरलेलं असू शकतं.

धागाकर्ती: उद्याचीच वेळ मिळाली आहे. बाटल्या आणि जुने चष्म्याचे कागद पिशवीत घातलेत. धाकटीलाही सोबत नेते, तीही चोळते. नसेचा रिपोर्ट आला की इथेच लिहीन.