अनुभव धागा: चितारलेले प्राणी आणि खरे भासणारे प्राणी

जुने अ‍ॅनिमेशनपट प्रत्यक्ष नटांना घेऊन, किंवा संगणकावर हुबेहूब प्राणी घडवून, नव्याने काढावेत का, या प्रश्नावर बहुतेक चर्चा तिकीट खिडकीच्या आकड्यांपाशीच संपते. १९९१ चा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ २०१७ मध्ये, १९९४ चा ‘द लायन किंग’ २०१९ मध्ये आणि १९८९ चा ‘द लिटल मर्मेड’ २०२३ मध्ये पुन्हा आला. यांतल्या कित्येक कथांचे नायक प्राणी आहेत, आणि आपल्या भागात वाघ व अस्वल पडद्याबाहेरही भेटतात. म्हणून पूर्व विदर्भातील वाचकांना स्वतःचा अनुभव लिहिण्याची विनंती केली होती. आलेली पत्रे नावे वगळून देत आहे.

पर्यटक मार्गदर्शक, पेंच (सिल्लारी प्रवेशद्वार)

किपलिंगची मोगलीची कथा शिवनीच्या टेकड्यांत घडते आणि ती शिवनी आमच्या जंगलाच्या पलीकडच्या अंगाला, मध्य प्रदेशात आहे. साहजिकच जिप्सीत बसलेली मुले पहिल्या वळणावरच ‘बल्लू कुठे आहे’ असे विचारतात. माझ्या पिढीचा मोगली मात्र दूरदर्शनवरचा, म्हणजे जपानमध्ये तयार झालेल्या मालिकेतला, गुलजारांच्या शीर्षकगीतासह रविवारी सकाळी येणारा. २०१६ च्या ‘द जंगल बुक’ चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत शेरखानला पुन्हा नाना पाटेकरांचाच आवाज मिळाला, तेव्हा मला बरे वाटले होते.

तो चित्रपट लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत चित्रित झाला. मोगलीचे काम करणारा मुलगा खरा आणि त्याच्याभोवतीचे जवळजवळ सारे अरण्य संगणकावरचे. पाने, पाणी, प्राण्यांची लव पाहून मी थक्क झालो, आणि तिथूनच माझी अडचण सुरू झाली. चित्र समोर असते तेव्हा माझ्यातला मार्गदर्शक गप्प बसतो. हुबेहूब प्राणी समोर आला की तो तपासणीला लागतो. आमचे अस्वल काळे, झिपऱ्या केसांचे, मळकट पांढऱ्या मुस्कटाचे असते, छातीवर फिकट खूण असते, ते वारुळे उकरते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाची फुले खायला गावाच्या शिवेपर्यंत येते. पडद्यावरचा तपकिरी बल्लू या अस्वलांपैकी वाटत नाही. तो थंडीच्या झोपेसाठी मध साठवायला निघतो, तेव्हा बगीराच त्याला सुनावतो की जंगलातली अस्वले अशी झोप घेत नाहीत. हा संवाद लिहिणाऱ्याला मी मनातून दाद दिली.

लुई राजाचे उदाहरण याहून बोलके आहे. हे पात्र मूळ पुस्तकात नाही, १९६७ च्या अ‍ॅनिमेशनपटात ते ओरांगउटान म्हणून आले. भारतात ओरांगउटान नाही, पण चित्रात त्याचे कोणालाच काही वाटले नाही. नव्या चित्रपटात मात्र त्याच्या जागी नामशेष झालेला एक महाकाय वानर आणावा लागला. हुबेहूबपणा एकदा पत्करला की प्रत्येक गोष्टीचा हिशेब द्यावा लागतो, आणि मग गाणारे, नाचणारे अस्वल त्या हिशेबात कुठे बसवायचे? माझ्या मते असे चित्रपट काढावेत, पण जुन्या चित्रांतला खोडकरपणा त्यांच्याकडून मागू नये.

प्राथमिक शिक्षिका, सिंदेवाही तालुका

आमच्या वर्गातल्या मुलांना वाघ ही गोष्टीतली वस्तू नाही. सरपणाला किंवा मोह वेचायला गेलेले माणूस परत आले नाही, अशी बातमी त्यांनी घरात ऐकलेली असते. २०१६ च्या ‘जंगल बुक’ला आपल्या सेन्सॉर मंडळाने ‘यूए’ (लहान मुलांनी पालकांच्या देखरेखीत पाहावा असे) प्रमाणपत्र दिले, तेव्हा समाजमाध्यमांवर पुष्कळ थट्टा झाली. मी त्या थट्टेत सामील होऊ शकले नाही, कारण शाळेच्या प्रोजेक्टरवर शेरखान झेपावला तेव्हा पहिलीतली मुले माझ्या पदराला येऊन चिकटली होती.

‘द लायन किंग’च्या दोन्ही आवृत्त्यांतला मुफासाच्या मृत्यूचा प्रसंग मी मोठ्या मुलांना लागोपाठ दाखवला. जुन्या चित्रात सिंबाच्या भुवया, डोळे, ओठ माणसासारखे वाकतात, आणि वर्ग शांत झाला. नव्या चित्रपटात सिंहाचा चेहरा सिंहासारखाच ठेवला आहे, आणि खऱ्या सिंहाला रडता येत नाही. एका मुलीने विचारले, “मॅडम, याचा बाप मेला तरी याले रडू काहून नाही येत?” गंमत अशी की तो चित्रपट ‘लाइव्ह अ‍ॅक्शन’ म्हणून ओळखला जात असला, तरी त्यात कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य एकच आहे, अगदी सुरुवातीचा सूर्योदय, बाकी सगळे अ‍ॅनिमेशनच, फक्त हातची रेषा काढून घेतलेले.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, वणी

मला ‘मुलान’ची नवी आवृत्ती (२०२०) आवडली नाही, १९९८ च्या चित्रपटातली गाणी आणि मुशू हा छोटा ड्रॅगन दोन्ही वगळल्यावर उरलेली युद्धकथा कोणाचीही असू शकली असती. ‘छोटा भीम’चा २०२४ चा नटांसह काढलेला चित्रपट मात्र माझ्या लहान भावाने आनंदाने पाहिला, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

निवृत्त ग्रामसेवक, आरमोरी तालुका

युगो साको आणि राम मोहन यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी केलेला भारत-जपान रामायणपट जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला, म्हणून नातवंडांना घेऊन नागपूरला गेलो. राम देव असल्याने नटापेक्षा चित्रातूनच तो दाखवावा, अशी साकोंची भूमिका होती, आणि चित्रपट पाहताना ती पटते. नटाच्या चेहऱ्यामागे त्याची इतर कामे, जाहिराती, मुलाखती उभ्या असतात. चित्रातल्या रामाला दुसरा जन्म नसतो. हा चित्रपट कोणी नटांना घेऊन पुन्हा काढू नये. तो गाजावाजा न होता मागे पडला होता, त्याला नव्या अवताराची नव्हे, वेळेवर पडद्याची गरज होती.

झाडीपट्टी रंगभूमीवरील नट, वडसा

वरील मतांशी मी सहमत नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि गाजलेले नाटक नव्या संचात पुन्हा उभे राहते. रात्रभर बसणाऱ्या प्रेक्षकाला कथा पाठ असते, तरी तो नवा खलनायक कसा उभा राहतो ते पाहायला येतो. पुन्हा करणे हा गुन्हा असेल तर आमचा धंदाच बंद करावा लागेल. माझा आक्षेप वेगळा आहे. नव्या संचातल्या नटाने जुन्याची नक्कल केली, तर आमचा प्रेक्षक त्याच रात्री ओरडून सांगतो. २०१९ च्या ‘लायन किंग’मध्ये अनेक दृश्ये जुन्याच मांडणीने येतात, आणि त्या दिग्दर्शकाला हा आरडाओरडा ऐकण्याची सोय नव्हती. उलट ‘अलादिन’मध्ये विल स्मिथने जिनी स्वतःच्या चालीने केला, मूळ रॉबिन विल्यम्सचा आवाज उसना घेतला नाही, काहींना तो खटकला, मला मात्र त्यात नट दिसला.