मदत हवी आहे: डिचोलीतल्या उघड्या उतारावर मुलांना पर्माकल्चर कसं शिकवू?

विज्ञानवाली_टीचर

नमस्कार मंडळी,

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते, इको क्लबही माझ्याकडेच आहे. शाळेमागे संस्थेच्या मालकीचा साधारण अर्धा एकर उतार आहे. भरावासाठी तिथला मुरूम कधीकाळी खरवडून नेला, तेव्हापासून वर माती म्हणून उरलेली नाही. कडक जांभा, अधूनमधून लाल खडी, कडेला ऑस्ट्रेलियन बाभळी आणि जिथे बोटभर जागा मिळेल तिथे रानमोडीचं तण. पाऊस लागला की ओघळींतून लाल पाणी थेट खालच्या भातशेतात उतरतं. ते शेत आमच्याच एका विद्यार्थ्याच्या घरचं. त्याचे आजोबा पावसाच्या तोंडावर शाळेत येतात आणि विचारतात, "टीचर, यंदा तरी काय करतलीं?"

आजवर काय केलं? पर्यावरण दिनाला खड्डे मारून रोपं लावली, फोटो काढले. पुढच्या वर्षी खड्डे तेच, रोपं नवी. आता मुलांना नीट शिकवायचं ठरवलंय. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७०च्या दशकात टास्मानियात मांडलेलं पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या चालीने टिकाऊ शेती-बागेची आखणी, वाचायला घेतलं. आधी निरीक्षण मग हात घालणं, हे तत्त्व मला शाळेसाठी फारच आवडलं. पण नेटवर मिळणारं बरंच साहित्य कमी पावसाच्या मुलखांना धरून आहे. पाण्याचा थेंबन् थेंब चरांत अडवा म्हणतात. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एका चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, या हिशेबाने अर्ध्या एकरावर ६० लाख लिटर! सातवीच्या पोरांनी फळ्यावर गुणाकार केला आणि एकाने विचारलं, "टीचर, एवढं अडवलं तर डोंगर खाली नाही का येणार?" मला उत्तर देता आलं नाही.

तर जाणकारांनी सांगावं. या उतारावर चर खणावेत का? बाभळी तोडाव्यात का? आणि वेळापत्रकाचं काय करू? सहावीपासून पुढच्यांचं वर्ष आता एप्रिलात सुरू होतं, लगेच मे महिन्याची सुट्टी, आणि शाळा परत भरते तोवर पाऊस दारात. जानेवारी ते मे पाणी घालायला कोण येणार हाही प्रश्न आहेच. क्लबला आठवड्याला एकच तास मिळतो, आणि पर्माकल्चरचा डिझाइन कोर्स म्हणे ७२ तासांचा!

कुळागरी

टीचर, टास्मानियाला कशाला जायचं? आपलं कुळागर म्हणजे दुसरं काय आहे? वर माड नि माडी (सुपारी), मध्ये जायफळ नि केळी, खोडावर मिरवेल, खाली अननस नि हळद. पाटाचं पाणी शेवटच्या केळीपर्यंत जातं. मुलांना एक दिवस फोंड्याकडच्या नाहीतर सत्तरीतल्या एखाद्या कुळागरात न्या. तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून शिकतील ते कुठल्या कोर्सात मिळायचं नाही.

सड्यावरचा

कुळागर दाखवा, जरूर दाखवा. पण ते उचलून या उतारावर ठेवता येणार नाही. कुळागर असतं डोंगराच्या पायथ्याशी, झरीच्या पाण्यावर, शेकडो पावसाळ्यांनी आणून टाकलेल्या मातीत. टीचरच्या उतारावर ना झर आहे ना माती. तिथे माडी लावली तर फेब्रुवारीतच मरेल. उलट मुलांना हेच विचारा: कुळागरातलं पाणी येतं कुठून? बोट वर डोंगराकडे जाईल. तो डोंगर सांभाळणं हाच तुमचा अभ्यासक्रम.

चरांबद्दल त्या मुलाची शंका शंभर टक्के बरोबर आहे. जांभ्याच्या कडक थरावर पाणी सहज मुरत नाही. लांबलचक चर भरला आणि एका जागी फुटला की सगळं पाणी एकदम त्या आजोबांच्या शेतात. म्हणून सलग चर नकोतच. छोटे, तुटक, एकाआड एक चर घ्या, प्रत्येकाला दगड लावलेला सांडवा ठेवा, आणि काम माथ्यावरून खाली करत या. ओघळींत सुटे दगड रचून बुटके बांध घाला. मध्यभाग कडांपेक्षा खाली हवा, नाहीतर पाणी बाजूने कोरत जातं. अर्धा पावसाळा गेला की बांधामागे साचलेली लाल माती मुलांना हाताने दाखवता येते. मार्कांसाठी याहून चांगला पुरावा नाही.

समपातळी रेषा आखायला ए फ्रेम, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराची चौकट, मुलांकडूनच बनवून घ्या. दोन सारख्या काठ्या, एक आडवी पट्टी, वरून सुतळीला बांधलेला दगड. फ्रेम उभी करून सुतळी पट्टीवर जिथे टेकते तिथे खूण, मग पाय उलटसुलट करून दुसरी खूण. दोहोंच्या मधोमध सुतळी आली की दोन्ही पाय एका पातळीत. वारा असेल तर दगड डोलत राहतो आणि पोरं भांडतात, म्हणून हे काम सकाळी लवकर.

बाभळी एकदम काढू नका. एक तर गोव्यात १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली झाड तोडायला परवानगी लागते. दुसरं, आज त्या उतारावर सावली देणारं दुसरं काय आहे? फांद्या छाटून समपातळीत आडव्या टाका, सावलीत किंदळ, जांभूळ, कुडा, करवंद, धायटी येऊ द्या. गिरीपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) फार जाड काठ्या नकोत, मनगटाएवढ्या पुरे, पावसाच्या सुरुवातीला खोचा. ते नत्र स्थिर करतं, पाला कापून कितीदाही आच्छादन करा. बांधांवर वाळा लावा, मुळं खोल जातात. रानमोडी फुलायच्या आधी कापून तिचंही आच्छादन करा. फक्त मार्चपासून सुका पातेरा आगीला आमंत्रण देतो. काजूच्या दिवसांत डोंगर पेटतात हे तुम्हाला माहीत आहेच, तेव्हा कडेने जाळरेषा हवी.

पाणी घालायचा प्रश्न लावणीच्या वेळेतच सुटतो. रोपं जूनच्या पहिल्या दमदार पावसानंतर लगेच लावा, ऑगस्टात नको. मुळांना चार महिने मिळाले तर रानातली झाडं उन्हाळा काढतात. काही मरतील. कोणती, कुठे आणि का, याची नोंदवही मुलांनी ठेवावी.

विज्ञानवाली_टीचर

सड्यावरचे भाऊ, मनापासून आभार! म्हणजे एप्रिलात ए फ्रेम नि आखणी, सुट्टीआधी दगडी बांध, जूनमध्ये लावणी, पावसात ओघळींचं पाणी बाटलीत धरून गाळ मोजणं. तासांत बसतं. हेडमास्तरांना भाजीचा मळा हवाय, त्यांना काय सांगू?

सड्यावरचा

मळा शाळेच्या नळाजवळ करा, उतारावर नको. आणि आसपास खाणीचा माल पडलेला असेल तर मुलांना तिथलं काही खायला देण्याआधी माती तपासून घ्या, लोह नि मॅंगनीज मुद्दाम बघायला सांगा. जुन्या गोव्याच्या आयसीएआर कृषी संशोधन संस्थेत नाहीतर तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारा. नमुना मुलांनाच काढू द्या.

कुळागरी

सड्यावरच्यांचं पटलं. टीचर, गिरीपुष्पाच्या काठ्या माझ्याकडे कुंपणाला भरपूर आहेत. मे अखेरीस टेंपो पाठवा, कापून ठेवतो. आणि आजोबांनाही बोलवा, कुठल्या ओघळीला पहिल्यांदा पाणी येतं ते त्यांनाच ठाऊक असणार.