फिलिपिनो वहिनी येतेय आणि तिनं आईसाठी एक सिनेमा सुचवलाय. दाखवू का?

साताऱ्याची_धाकटी

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे रोज रात्री जेवताना हाच विषय निघतोय.

माझा दादा अबुधाबीत हॉटेलात नोकरीला आहे. त्याच्याच हॉटेलातल्या मुलीशी त्याचं लग्न ठरलंय. मुलगी फिलिपिन्समधल्या बातांगासची, म्हणजे मनिलाच्या दक्षिणेकडची. दोघं एकमेकांना सहा वर्षं ओळखतात. आई-बाबांनी होकार दिलाय आणि तो मनापासून दिलाय. तरी आईच्या मनातली धाकधूक जात नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर होणाऱ्या वहिनीनं मला 'कसाल, कसाली, कसालो' नावाचा सिनेमा बघायला सांगितला. आमच्याकडे नवरा-बायको आणि सासरमाहेर कसं असतं ते त्यात आहे, जमलं तर आईंनाही दाखव, असं म्हणाली. मी एकटीनं बघितला. हसले, शेवटी रडलेसुद्धा. पण त्यात दोन्ही विहिणींचं असं काही वाजतं की आईला दाखवावा की नाही हेच कळत नाहीये.

दुसरी अडचण मोठी आहे. जानेवारीत आम्ही त्यांच्या घरी जायचं आहे, 'पामामान्हिकान' करायला. मुलाकडच्यांनी मुलीच्या दारी जायचं, रीतसर मागणी घालायची आणि वर जेवणही आपणच न्यायचं! बाबा म्हणतात, आजवर आपल्या घराण्यात मुलाकडचे असे गेले नाहीत, भावकीत काय सांगू?

तिसरं म्हणजे वहिनी दर महिन्याला घरी पैसे पाठवते. लग्नानंतरही पाठवणार का, असं आई मला हळूच विचारते. तिला विचारायचं धाडस मला होत नाही.

तिकडची माहिती असलेलं कुणी आहे का इथे?

दोहावाले_नाना

बाळ, मी एकोणीस वर्षं कतारमध्ये आहे आणि माझ्या हाताखाली कायम फिलिपिनो मुलंमुली राहिली आहेत. लग्नाच्या बाबतीत ही माणसं फार गंभीर असतात. मुस्लिमांसाठीचा वेगळा कायदा सोडला तर त्यांच्या देशात घटस्फोटच नाही. लग्न मुळातच रद्दबातल ठरवून घ्यावं लागतं आणि त्यात पैसा आणि वर्षं दोन्ही जातात. १९८८ पासून लागू असलेल्या त्यांच्या कुटुंब कायद्यात तर असंही आहे की एकवीस ते पंचवीस वयाच्या मुलामुलींनी लग्नाआधी आईवडिलांचा सल्ला घ्यायचा. तो मिळाला नाही किंवा विरोधात असला तर परवाना तीन महिने अडतो. म्हणजे सासू-सासरे तिथे कायद्यातच आहेत. हे बाबांना सांग, त्यांना बरं वाटेल.

पैशाबद्दल मी एवढंच सांगेन की ती पाठवणार. ते थांबवायला जाऊ नका.

सांगली_ते_केसॉन

धाकटे, सिनेमा आईंना जरूर दाखव. फक्त त्या एकट्या बघणार नाहीत एवढं बघ. तू शेजारी बस आणि मधे मधे थांबवत जा.

मी मूळची सांगलीची. २०१४ साली लग्न होऊन इकडे फिलिपिन्समध्ये आले. नवरा बुलाकानचा, आता आम्ही केसॉन सिटीत राहतो. इथल्या कुठल्याही बाईला विचार, हा सिनेमा तिनं बघितलेला असतो. २००६ च्या डिसेंबरात तो मनिलाच्या चित्रपट महोत्सवात लागला. हा महोत्सव १९७५ पासून चालू आहे. नाताळच्या दिवशी सुरू होतो आणि त्या दिवसांत इथल्या थिएटरांत फक्त फिलिपिनो सिनेमे असतात. घरातली सगळी माणसं, आजीपासून नातवापर्यंत, एकत्र जाऊन बघतात. सासू आणि सून एकाच रांगेत बसून बघतील असा तो केलेला आहे, हे आईंना आधी सांग. दिग्दर्शक होसे हाविएर रेयेस. जोडी जुडी ॲन सांतोस आणि रायन आगोन्सिल्योची, ती दोघं पुढे २००९ मध्ये खरोखरच नवरा-बायको झाली.

नावातच सगळं आहे. कसाल म्हणजे लग्न. कसाली म्हणजे त्यात सामील असलेला. कसालो म्हणजे आपल्याबरोबर एका पंगतीला बसून जेवणारा. माझ्या सासूबाईंनी मला टागालोगमधले, म्हणजे इथल्या भाषेतले, जे पहिले शब्द शिकवले त्यात हे तिन्ही होते, आणि तेही भात वाढता वाढता.

आता विहिणींचं. मुलीची आई झालेली जीना पारेन्यो आणि मुलाची आई झालेली ग्लोरिया डियाझ. ग्लोरिया डियाझ म्हणजे १९६९ ची विश्वसुंदरी, फिलिपिन्सची पहिली. त्यामुळे ती नुसती दारात उभी राहिली तरी समोरचीला आपलं लुगडं नीट करावंसं वाटावं, असा तिचा रुबाब. जीना पारेन्यो मोठ्यानं बोलणारी, पोटात काही न ठेवणारी. तिनं त्याच वर्षी 'कुब्रादोर' या सिनेमात केलेलं काम दिल्लीच्या महोत्सवातही गौरवलं गेलं होतं. मला तीच जास्त आवडते, कारण ती माझ्या आत्यासारखी आहे. भांडताना तिच्या डोळ्यांत बघ. आपली मुलगी त्या घरात लहान ठरेल की काय, ही भीती तिथे सतत असते.

माझ्या नवऱ्यानं मला 'बालाए' हा शब्द इंग्रजीत समजावून द्यायचा प्रयत्न केला होता. मुलाच्या सासरचे आईवडील, मुलीच्या सासरचे आईवडील, असं बराच वेळ चाललं होतं. मी म्हटलं, अरे, व्याही आणि विहीण! आमच्याकडे आहे हा शब्द. तो इतका खूश झाला की त्यानं लगेच त्याच्या आईला फोन लावला. तुझ्या आईंनाही हा एकच शब्द आधी सांगून ठेव. सून परक्या देशाची असली तरी विहीण ओळखीची निघेल.

आता पामामान्हिकान. हे नीट वाच आणि बाबांना वाचून दाखव.

'पान्हिक' म्हणजे चढणं. जुनी घरं खांबांवर उभी असायची, जिना चढल्याशिवाय घरात जाता येत नसे. मुलाकडच्यांनी तो जिना चढून वर यायचं, म्हणून पामामान्हिकान. आपल्याकडे म्हणतात ना, त्यांच्या दाराची पायरी चढणार नाही. इथे लग्न ठरवायचं तर मुलाच्या आईबापांनी पायरी चढावीच लागते. जेवण त्यांनी न्यायचं, विषय त्यांनी काढायचा. मुलीचा बाप 'हो' म्हणेपर्यंत थांबायचं. लग्नाचा खर्चही रीतीप्रमाणे मुलाकडचे करतात. हुंडा वगैरे काही नाही.

मी मुलीकडची होते. माझे सासू-सासरे मनिलाहून विमानानं मुंबईला आणि तिथून रात्रीच्या गाडीनं सांगलीला आले. सासूबाईंच्या बॅगेत तांदळाच्या शेवया होत्या, बिहोन म्हणतात त्याला. आमचं घर शाकाहारी, म्हणून त्यांनी माझ्या आईकडे नवी कढई मागितली. घरातली वापरलेली त्यांनी नको म्हटली, उगाच कुणाच्या मनात शंका नको म्हणून. कोबी, गाजर, फरसबी घालून त्याच शेवयांचं पान्सित केलं. या शेवया लांबच ठेवायच्या, तोडायच्या नाहीत, आयुष्य लांबावं म्हणून. आई दारात उभी राहून बघत होती. मुलाची आई पाहुणी म्हणून आल्या दिवशी आपल्या स्वयंपाकघरात घाम पुसत उभी आहे, हे तिला बघवत नव्हतं.

बाहेरच्या खोलीत बाबांनी सासऱ्यांसाठी टोपी, टॉवेल, नारळ आणि साडी काढून ठेवली होती. मुलाकडचे म्हणून मान त्यांचा. आणि सासरे उठून उभे राहिले, हात जोडले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, आम्ही तुमची मुलगी मागायला आलोय. बाबाही उठले. दोघंही उभे. कुणीच बसेना, कारण समोरचा उभा असताना आपण कसं बसायचं. शेवटी माझी आजी म्हणाली, बसा हो दोघं, पोरं खोळंबलीत. ते वाक्य मी आजही नवऱ्याच्या नातेवाइकांना सांगते.

त्या दिवशी बाबा रात्री मला म्हणाले, आपल्या ताईच्या लग्नात मी नऊ महिने वाकून होतो. त्याच्या पुढे ते काही बोलले नाहीत.

तर तुझ्या बाबांना विचार की भावकीत सांगायला यापेक्षा चांगलं काय आहे. साताऱ्याहून इतक्या लांब जाऊन तुम्ही एका मुलीच्या बापाची पायरी चढलात, हे मान खाली घालून सांगायचं कशाला?

सिनेमात आणखी एक गोष्ट आहे ती आईंना खटकेल. लग्न झाल्यावर वेगळं राहायचं की नाही. इथे त्याला 'बुमुकोद' म्हणतात, वेगळं बिऱ्हाड करणं. नव्या जोडप्यानं वेगळं राहावं असं सगळे बोलून दाखवतात. पण घरं महाग, म्हणून पुष्कळ जण आईवडिलांच्याच आवारात राहतात. आम्हीही पाच वर्षं राहिलो. सोपं नव्हतं. सासूबाई माझं कपाट त्यांच्या पद्धतीनं लावायच्या. एकदा मी बाहेर जेवून आले आणि घरी ते सांगितलं नाही, तर चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्याला 'ताम्पो' म्हणतात, आपला रुसवाच. तो रागानं मोडत नाही आणि तर्कानं तर नाहीच. जवळ जाऊन बसावं लागतं. मला ते कळायला दोन वर्षं लागली आणि त्या दोन वर्षांचं मला अजून वाईट वाटतं.

२०१९ ला आम्ही बाहेर पडलो तेव्हा त्या रडल्या. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नव्या घराच्या दारात उभ्या होत्या, एका हातात तांदूळ, दुसऱ्या हातात मीठ. इथे नव्या घरात सगळ्यात आधी तेच न्यायचं असतं. आमच्या सामानाच्या आधी त्यांना पोचायचं होतं. मला आमचं माप ओलांडणं आठवलं, तेही तांदळाचंच. मी त्यांना 'नानाय' म्हणते, म्हणजे आई. त्या दिवशी पहिल्यांदा ते मनापासून तोंडातून आलं.

पैशाबद्दल नाना म्हणाले ते खरं आहे, पण अर्धवट आहे. 'उतांग ना लोओब' म्हणजे आतलं ऋण. ज्यांनी वाढवलं, शिकवलं त्यांचं हे ऋण फिटत नाही, फक्त जपायचं असतं. तिच्या मागे भावंडं शिकत असतील तर विचार. आईंनी विचारू नये. दादानं तिच्याशी बसून लग्नाआधी आकडा ठरवावा: तिच्या घरी किती, साताऱ्याला किती, त्यांचं स्वतःचं किती. आणि हे लक्षात घे की दादाही तुमच्याकडे पाठवत असणारच.

साताऱ्याची_धाकटी

ताई, तुमचं उत्तर मी रविवारी दुपारी आई-बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आजीचं वाक्य आलं तेव्हा आई उठून आत गेली, डोळे पुसून आली.

मग सिनेमा लावला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मधे थांबवत होते, पण अर्ध्यावर आईच म्हणाली, थांबवू नको. विहिणींच्या भांडणाला तिला काहीच वाटलं नाही. उलट मुलाच्या आईकडे बोट दाखवून म्हणाली, हिला कुणी सांगत का नाही, मुलगा कुठे जात नाहीये म्हणून. मग स्वतःच गप्प झाली. दादा बारा वर्षं बाहेर आहे, ताई.

बाबा जानेवारीला तयार आहेत. पैशाचं तुम्ही बरोबर ओळखलंत, दादाच्याच पैशातून आमचं वरच्या मजल्याचं काम झालं. आईनं परत तो विषय काढला नाही.

आता आईचे दोन प्रश्न आहेत. जेवण न्यायचं म्हणजे साताऱ्याहून काय नेता येईल? आणि विहीणबाईंना भेटल्यावर काय करायचं, पाया पडायचं की त्या पडतील?

सांगली_ते_केसॉन

कंदी पेढे न्या! दुसरं काही शोधूच नका. आमच्या बुलाकानात म्हशीच्या दुधाच्या आटवलेल्या वड्या करतात, पास्तियास म्हणतात, रंगीत कागदात गुंडाळलेल्या. सासूबाई सांगलीला घेऊन आल्या तेव्हा माझ्या आईनं खाऊन बघितलं आणि म्हणाली, हा तर पेढाच. बातांगासच्या लोकांनाही कंदी पेढा परका वाटणार नाही. विमानात हातातल्या बॅगेत ठेवा.

जेवण तिथे पोचल्यावर करा. तुमच्या होणाऱ्या वहिनीला सांगून एक कढई आणि एक शेगडी मागून घ्या. आईंनी जे रोज करतात तेच करावं. मसालेभात चालेल, तिखट अगदी बेतानं. तिकडे कापेंग बाराको नावाची कडक कॉफी देतील, बाबांना सांग की नाही म्हणायचं नाही.

पाया पडत नाहीत. वयानं मोठ्या माणसाचा हात आपल्या हातात घेऊन त्याची मागची बाजू आपल्या कपाळाला लावायची आणि 'मानो पो' म्हणायचं. तू आणि दादा, तुम्ही दोघांनी तिच्या आईवडिलांना आणि आजी असेल तर सगळ्यात आधी तिला करा. आईंनी विहिणीला करायची गरज नाही, बरोबरीच्या आहेत. त्यांनी फक्त 'बालाए' म्हणून हाक मारावी.

आणि त्या घराला खरोखर पायऱ्या असतील तर आई-बाबांना पुढे ठेव, दादाला मागे.