भालाफेकीतला खांदा: ऑपरेशनची घाई नको

ताई, तुमच्या सतरा वर्षांच्या मुलीचा भाला फेकताना खांदा दुखतो, एमआरआयमध्ये लेब्रम (खांद्याच्या खोबणीभोवतीची कूर्चेची कड) फाटल्याचं आलंय आणि ऑपरेशन लगेच करावं का, असं तुम्ही विचारलंय. माझा मुलगा पुण्यात सणस मैदानावर भालाच फेकतो, म्हणून कळकळीनं लिहितेय.

नुसत्या एमआरआयवरून घाबरू नका. फेकणाऱ्या खेळाडूंच्या अजिबात न दुखणाऱ्या खांद्यातही असे बदल बऱ्याचदा दिसतात. आधी चांगल्या फिजिओकडून खांदा किती फिरतो ते दोन्ही बाजूंनी मोजून घ्या. फेकीचा हात आत थोडा कमी वळतोच. लहानपणापासून फेकणाऱ्यांचं हाडच तसं घडतं. पण आत-बाहेर मिळून एकूण पल्लाही दुसऱ्या हातापेक्षा कमी असेल, तर खांद्याची मागची बाजू आखडलेली असू शकते. आमच्याकडे नेमकं हेच निघालं. मग रोज फेकीच्या हाताच्या कुशीवर झोपून, कोपर काटकोनात ठेवून, दुसऱ्या हातानं मनगट हळूच खाली न्यायचं, 30 सेकंद, तीनदा. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखलं की थांबायचं.

जोडीला रबर बँडवर रोटेटर कफ (खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायू) आणि पाठीच्या पात्याभोवतीच्या स्नायूंचे व्यायाम. आणि पाय-कंबर, हे फार महत्त्वाचं! फेकीचा जोर तिथूनच येतो. तिथं कमी पडलं की सगळा भार खांद्यावर.

तोवर फेक पूर्ण बंद. आम्हाला तीन महिने लागले, मग कमी अंतरावर, एक दिवसाआड सुरुवात केली. दुखणं दाबायचं इंजेक्शन देऊन तिला स्पर्धेत उतरवू नका, कळवळून सांगते. मात्र खांदा निखळत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर थांबू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा.